माझी नव्हे, माही

"बोल वं पोरी, आज लिपस्टिक कोणाच्या ओठाले लावू?"

दुकानाची पायरी चढता चढताच बाई हे विचारायच्या. झेरॉक्ससाठी उभं असलेलं गिऱ्हाईक चमकून मागे बघायचं. दारात साठी उलटलेली, बारकीशी, सुती साडीतली बाई, खांद्याला कापडी पिशवी. हिचा आणि लिपस्टिकचा काही संबंध असेल असं कोणाला वाटणार? मी मात्र खुर्ची पुसून पुढे करायचे आणि म्हणायचे, "मोनाले लावा बाई. सुधाले शोभत नाही."

बाई गोष्टी लिहायच्या. दिवाळी अंकांत, बायकांच्या मासिकांत. तुमच्याही घरी असे अंक येत असतील तर त्यांची एखादी गोष्ट तुम्ही वाचली असेल आणि लेखिकेचं नाव विसरला असाल. दर गोष्टीत दोन मुली. नावं बदलायची, मुली त्याच. दुकानात आम्ही त्यांना सुधा आणि मोनाच म्हणायचो. सुधा घट्ट वेणी घालायची, खाली बघून बोलायची, शेवटी चांगला मुलगा तिला मिळायचा. मोना लिपस्टिक लावायची, दात दाखवून हसायची, सुधाच्या वाईटावर असायची, आणि शेवटच्या पानावर रडत रडत सुधाची माफी मागायची.

"एक पोरगी उभी कराची त दुसरी पाडा लागते," बाई सांगायच्या. "दोघी उभ्या रायल्या त वाचणारी कोणाकडे पाहीन?"

मी तेव्हा अमरावतीला राजापेठेत टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात होते. गाव माझं बाळापूर तालुक्यात. नववीनंतर शाळा सुटली आणि मला आत्याकडे पाठवलं. समोर ट्यूशन क्लास होता. माझ्याच वयाच्या मुली तोंडाला ओढण्या बांधून स्कूटीवरून उतरायच्या आणि नोट्सच्या प्रती काढायला यायच्या. मी त्यांच्या नोट्स मशीनवर पालथ्या घालायचे. त्यांतलं वाचायची मला भीती वाटायची, की समजणार नाही. आणि समजलं तर जास्तच वाईट वाटेल.

बाईंच्या गोष्टी मी टाइप करायचे. त्या आधी एका मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. पुढे शाळेनं शिवणाचा तास बंद करून तिथे कम्प्युटर बसवले, तेव्हा बाई निवृत्त व्हायला आल्याच होत्या. "बरं झालं," त्या म्हणायच्या, "काजं-बटनं करून कोणत्या पोरीचं भलं झालं?" पण हाताची सवय गेली नव्हती. त्यांचं हस्तलिखित टाचणीनं लावलेलं नसायचं. फुलस्केप कागदांना डाव्या बाजूनं पांढऱ्या दोऱ्याचा धावदोरा घातलेला असायचा, टाके सगळे एकसारखे. पान उलटताना मी जपून उलटायचे, उसवेल म्हणून.

पहिल्याच दिवशी मी त्यांचा एक परिच्छेद गाळला होता. पकडलं त्यांनी. मी घाबरून म्हणाले, "बाई, माही चूक झाली."

"चूक कर, पण 'माझी' कर. 'माही' नाही. म्हण."

"माझी."

"हं. तोंडाले वऱ्हाडी चालते, कागदाले नाही."

त्या स्वतः माझ्याशी वऱ्हाडीत बोलायच्या आणि लिहायच्या मात्र असं शुद्ध, की कथेतल्या सुधाचा जन्म सदाशिव पेठेत झाला असावा. वऱ्हाडी बोलायची फक्त गोष्टीतली भांडेवाली, तीही वाचकाला हसू यावं म्हणून. मला वाईट वाटायचं. माझी आई तसंच बोलते. पण मी तसंच टाइप करायचे. त्या मला शिकवत होत्या ना.

खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या मला रोज दहा ओळी शुद्धलेखन घालायच्या. दुकानदार भाऊ कुरकुर करायचे, "बाई, इथं शाळा काढली का तुमी?" तर बाई म्हणायच्या, "तुमच्या पाटीवर 'झेराॅक्स काडून मिळेल' लिहिलं आहे. तुमी पण बसा इच्या बाजूनं." पाटी दुसऱ्या आठवड्यात बदलली. आज मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दहावी नापासही नाही मी, दहावीला बसलेलीच नाही. तरी मला खुर्ची आहे, टेबल आहे, लोक मला विचारायला येतात की 'की' ऱ्हस्व का दीर्घ. हे सगळं त्या दहा ओळींचं आहे. म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

बाईंची एक अडचण दरवर्षी वाढत होती. वाईट मुलगी दाखवायची कशी?

"पयले सोपं होतं," त्या मला सांगायच्या. "मोनाले सायकल दिली की झालं. लोक समजून जायचे. मंग सायकल सुधाले बी द्या लागली, कॉलेजले कशी जाईन ते? मंग मोनाचे केस कापले. मंग तिले बिनबाह्याचा ब्लाउज दिला. मंग स्कूटी. आता पाय बरं बाहेर. भाजीवाल्याकडे जाणारी बाई बी स्कूटीवर. आता मोनाले काय देऊ? विमान?"

"मोबाइल द्या."

"मोबाइल त सुधाच्या सासूजवळ बी आहे वं."

आम्ही दोघी खूप हसलो. त्या हसताना तोंडावर पदर धरायच्या. त्यांच्या सुधासारखा.

एकदा समोरच्या क्लासमधल्या एका मुलीनं मला तिची लिपस्टिक लावायला दिली. काचेत पाहिलं तर मी मलाच ओळखू आले नाही, आणि मला ते आवडलं. बाई आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी खुर्चीतून उठलेच. त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि माझे ओठ पुसले. जोरात.

"पूस ते. कोणी चिठ्ठी लिहीन."

"कोनाले चिठ्ठी, बाई?"

"कोणाले नाही. काम कर."

माझा ओठ दुखत होता. मला वाटलं, बाई जुन्या वळणाच्या आहेत. समोरच्या मुलींनाही मी तसंच सांगितलं. त्या हसल्या. मीही हसले. बाईंना मी त्या दिवशी त्यांच्या मागे हसले, हेही लिहून ठेवते.

मग ती शेवटची गोष्ट. जूनच्या अखेरीला बाई पिशवी घेऊन आल्या आणि त्यांनी लिपस्टिकचं विचारलंच नाही. हस्तलिखित टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यात पोरगा नाही."

"मंग कशावरून भांडतात त्या?"

"नोकरीवरून. एक जागा, दोघी उमेदवार."

"नोकरीवरून भांडलेल्या पोरी कोण वाचन बाई?" हे वाक्य माझं नव्हतं, त्यांचंच होतं, दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मला सांगितलेलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एक जण वाचन."

दुसऱ्या दिवशी त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या.

गोष्ट अशी होती. अकोल्याच्या एका वसतिगृहात सुधा आणि मोना एका खोलीत राहतात, शिवणकामाची पदविका घेतात. अमरावतीच्या शाळेत एक जागा निघते. मुलाखतीच्या आधी शाळेला एक निनावी चिठ्ठी जाते, की मोनाचं चालचलन बरोबर नाही, तिच्या उशीखाली लिपस्टिक सापडली आहे. नोकरी सुधाला लागते. पुढे चाळीस वर्षं जातात. शेवटच्या पानावर म्हातारी सुधा अकोल्याला मोनाच्या ब्लाउजच्या दुकानात जाते. आणि तिथे, बाईंच्या सगळ्या गोष्टींमध्ये पहिल्यांदा, सुधा वऱ्हाडी बोलते.

"ते लिपस्टिक माही होती वं."

पुढे ती चिठ्ठीचंही कबूल करते. मोना माफ करत नाही. ती मशीन थांबवतसुद्धा नाही. गोष्ट संपते.

मी कागदावरच 'माही' खोडून 'माझी' केलं. तुम्ही हसाल, पण मला वाटलं बाईंचा हात चुकला. डोळ्याचा त्रास होता, घाई होती. त्यांनीच तर मला शिकवलं होतं. मी अभिमानानं केलं ते.

हस्तलिखित बाईंच्या घरी परत दिलं, गोष्ट पाठवली, आणि चार दिवसांनी अंकाच्या संपादक मॅडमचा फोन आला. बाईंचा फोन बंद होता, म्हणून दुकानावर. तरुण आवाज, बोलणं गोड.

"गोष्ट खूप छान आहे, पण शेवट फार कडू आहे हो. आता मुलींना मुलींच्या विरोधात उभं करायचं नाही असं आम्ही ठरवलंय. त्या स्पर्धा, ती भांडणं, जुनं झालं सगळं. दोघींना जवळ आणता येईल का? एकमेकींना समजून घेतलंय असं? बाईंना विचारता का? उद्यापर्यंत हवं होतं."

बाईंचं घर दुकानापासून दहा मिनिटांवर होतं. डोळ्याला पट्टी होती, कानाला नव्हती. मी जाऊन विचारू शकत होते.

मी विचारलं नाही. मी स्वतःला सांगितलं की ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास कशाला. पण खरं असं आहे की फोन ठेवताना मॅडम म्हणाल्या होत्या, "तुम्ही टाइप करता ना? मग तुम्हाला त्यांची शैली माहीतच असेल." शैली! मला कोणी असं म्हटलेलं नव्हतं. समोर क्लासमधून मुली बाहेर येत होत्या. मला वाटलं, यांच्यापैकी एकीला तरी हे जमेल का?

मी त्याच फाइलवर, बाईंच्या ओळी पुसून, नवा शेवट लिहिला. मोनानं सुधाला मिठी मारली. दोघी रडल्या. आणि मग माझं ते वाक्य: "चूक कोणाचीच नव्हती. चूक त्या काळाची होती." लिहून मी तीनदा वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं. मॅडमनी उत्तर पाठवलं, "किती सुंदर!"

अंक आला तेव्हा मीच तो बाईंकडे नेला. सकाळची वेळ, त्या नवा चष्मा लावून खिडकीशी बसल्या होत्या. अंक हातात घेतला आणि पहिलं पान न बघता एकदम शेवटच्या पानावर गेल्या. वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"हे वाक्य कोणाचं?"

"मॅडमचा फोन आला होता बाई... तुमचा डोळा..."

"कोणाचं म्हणते मी."

"माझं."

त्यांनी मान हलवली. "शुद्ध आहे," त्या म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अंक मांडीवर पालथा ठेवला आणि विचारलं, "मोना कोण आहे माहीत आहे का तुले?" मग सांगितलं. तिचं नाव विमल. अकोल्याला जुन्या शहरात ब्लाउज शिवते. तीच खोली, तीच पदविका, तीच एक जागा. लिपस्टिक बाईंची होती, मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात विमलच्या उशीखाली ठेवलेली. "आमी दोघी तेच वापरायचो," बाई म्हणाल्या. "मले जास्त आवडे. तिच्यापेक्षा मले."

आणि नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी बाईंनी पहिली गोष्ट लिहिली. तिच्यात लिपस्टिकवाल्या मुलीनं शेवटी माफी मागितली. मग दुसरी लिहिली. "मी लिहीत गेली तशी मलेच वाटा लागलं, की खरंच तिचीच चूक असन. इतक्या वेळा माफी मागते त असनच ना?"

"विमलबाई वाचतात का तुमच्या गोष्टी?"

"सगळ्या वाचते. एका बाईनं सांगतलं मले. अंक आला की पयले माही गोष्ट काढते, अन् मंग दोन दिवस कोणाशी बोलत नाही."

मी खाली बसले. बाई म्हणाल्या, "उठ. उद्या अकोल्याले जाऊ. हातानं लिवलेलं पान हाये माह्याजवळ."

आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. बाईंनी दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरली होती. अकोल्याला ऑटोतून उतरल्यावर म्हणाल्या, "मी कशी दिसते?" मी म्हणाले, "चांगल्या दिसता बाई." त्यांनी केस नीट केले. मुलाखतीला आल्यासारखे.

दुकान लहान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. विमलबाई मशीनवर बसल्या होत्या. उंच, रुंद खांद्याच्या, पिकलेले केस मानेपर्यंत कापलेले. त्यांनी वर पाहिलं आणि ओळखायला जरासुद्धा वेळ लावला नाही.

"ये. तू येशीन वाटलंच होतं मले. बस. त्या कापडावर नको बसू, गिऱ्हाइकाचं हाये."

बाई बसल्या नाहीत. "विमल, अंकात छापलं ते म्या लिवलं नाही."

"नाव त तुहं हाये."

"शेवट येगळा होता."

"वाचला ना म्या शेवट. काळाची चूक म्हणे." त्या हसल्या, दात दाखवून, अगदी मोनासारखं. "काळानं चिठ्ठी लिवली का वं? काळाले अक्षर हाये?"

"छापताना चूक झाली."

"चाळीस वर्षं तुह्या गोष्टीत काना-मात्रा चुकली नाही. बरोब्बर ह्याच पानाले चुकली?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ही पोरगी, हिनं बदललं. एक बोट माझ्याकडे करायचं होतं. ते त्यांनी केलं नाही.

विमलबाईंनीच मला पाहिलं. "अन् हे कोण?"

"माझी विद्यार्थिनी आहे," बाई म्हणाल्या. एकदम शुद्ध भाषेत. "फार गुणी आहे. शुद्धलेखन पक्कं आहे हिचं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. वाचणाऱ्यांनो, तुम्ही त्या खोलीत असता तर तुम्हीही मला कोपरानं ढोसलं असतं, बोल म्हणून. एक वाक्य. 'मावशी, ते मी लिहिलं.' मी दारातल्या चपलांकडे बघत राहिले. मला भीती वाटली की विमलबाई मला हाकलतील, बाई मला हाकलतील, दुकानात कळेल, गावी परत जावं लागेल. आणि त्याहून वाईट म्हणजे 'गुणी' हा शब्द माझ्या कानात होता. तो मला सोडवेना.

बाईंनी पिशवीतून हस्तलिखित काढलं. शेवटच्या पानाचा धावदोरा दातानं तोडला आणि ते एकच पान पुढे केलं. "हे वाच. हे माझं आहे."

विमलबाईंनी हात पुढे केला नाही.

"हातानं लिवलेलं हाये ना? तवा बी तुनं हातानंच लिवलं होतं. बिना सहीचं. छापलं ते साऱ्या गावानं वाचलं, अन् माफी मले एकटीले, फुलस्केपवर? जाय बाप्पा. चहा घ्याचा असन त घे, नाई त जाय."

चहा आला. आम्ही प्यायलो. विमलबाई काज करत राहिल्या. बाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "तुहा टाका आजही माह्यापेक्षा बारीक हाये." विमलबाईंनी मान वर केली नाही. पण दोऱ्याचं टोक सुईत घालायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरच्या स्टँडवर बाईंनी शेंगा घेतल्या. आम्ही दोघी खात होतो. टरफलं टाकायला काही नव्हतं, तर त्यांनी ते पान मांडीवर पसरलं. मी म्हणाले, "बाई, ते नको." त्या म्हणाल्या, "असू दे. कागद हाये." बडनेऱ्याला त्यांनी त्याची पुडी केली आणि खिडकीतून टाकली.

अकोल्याला जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी संपादक मॅडमना मूळ शेवट छापा असं पत्र लिहिलं होतं, ते मीच टाइप केलं. मॅडमनी नम्रपणे कळवलं की एकदा छापलेली गोष्ट परत छापता येत नाही, आणि वाचकांना तो शेवट फारच आवडला आहे. चार वाचकांची पत्रंही जोडली. एका मुलीनं लिहिलं होतं, "किती आजची गोष्ट आहे!" बाईंनी ती पत्रं मला दिली. "तुझी आहेत," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मी ती अजून टाकलेली नाहीत.

त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. दुकानात यायच्या, बसायच्या, मला दहा ओळी घालायच्या. बाहेरच्या मुलींकडे बघायच्या. एकदा क्लाससमोर दोन मुली कशावरून तरी जोरात भांडल्या आणि पाच मिनिटांनी एकाच स्कूटीवर बसून गेल्या. बाई म्हणाल्या, "पाय. तुहं बी खोटं नाही. असं बी होते." मी रडायला लागले तर म्हणाल्या, "रडू नको, की-बोर्ड भिजन."

मला पुण्याचं काम लागलं ते त्यांच्याच ओळखीनं. निघताना त्यांनी मला एक डबी दिली. सुया असतील असं वाटलं. लिपस्टिक होती, नवीन. "लाव," त्या म्हणाल्या. "कोणी चिठ्ठी लिहिली त मले सांगजो." मी ती आजवर उघडली नाही.

पुढे त्या भाचीकडे नागपूरला गेल्या. दोन वर्षांपूर्वी तिथेच वारल्या. आत्यानं फोनवर सांगितलं, भाजीचे भाव सांगता सांगता. मी त्या दिवशी शंभर पानं तपासली आणि एकही चूक सोडली नाही.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी गावी गेले होते. बाळापूरहून अकोला किती लांब? मी ऑटोनं दुकानापर्यंत गेले आणि दारात उभी राहिले. विमलबाई टेबलावर कापड बेतत होत्या. खडूनं रेघ ओढता ओढता म्हणाल्या, "कोण?"

"बाईंसंग आली होती मी. सहा वर्षं झाली."

"हाव. शुद्धलेखनवाली."

"मावशी, बाई गेल्या."

"माहीत हाये."

"तो शेवट मी लिहिला होता. काळाची चूक, ते माझं वाक्य आहे. बाईंनी तसं लिहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या माझ्यासाठी गप्प राहिल्या."

त्यांनी कात्री घेतली. थोडं कापलं. मग थांबल्या. "काय होतं मंग त्या पानावर?"

मी उभ्या उभ्या म्हणून दाखवलं. मला पाठ आहे असंच मी इतकी वर्षं समजत होते. रोज झोपेतून उठताना म्हणते मी ते. सुधा दुकानात येते. म्हणते, "ते लिपस्टिक माही होती वं. तुह्या उशीखाली म्या ठेवली. चिठ्ठी बी म्याच लिवली." मोना मशीन थांबवत नाही.

विमलबाई खाली बसल्या. त्यांचा हात कापडावरून सरळ रेघेत फिरत होता, चुण्या नसलेल्या जागी चुण्या काढत.

"आजून एकदा सांग," त्या म्हणाल्या. "हळू."

मी हळू सांगितलं. "ते लिपस्टिक माही होती वं. तुह्या उशीखाली म्या ठेवली. चिठ्ठी बी म्याच टाकली."

त्यांचा हात थांबला.

"आता 'टाकली' म्हणे तू. पयले 'लिवली' म्हणे."

मी मनात दोन्ही वाक्यं परत म्हणून पाहिली.

"पोरी, लिवली असन त तिच्या मनातलं होतं. नुसती पेटीत टाकली असन त दुसऱ्या कोणाची बी असू शकते. वसतिगृहाच्या रेक्टरबाईची असन, आणखी कोणाची असन. चाळीस वर्षं झाले, तोंडानं तिचंच नाव घेतलं, पण मनात मी हेच इचारून रायली." त्यांनी चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, घाई होती. "आठव. यातलं तिचं कोणतं, अन् तुहं कोणतं?"

मी डोळे मिटले. बाईंचं अक्षर दिसत होतं, दोऱ्याचे टाके दिसत होते, 'माही'वर मी मारलेली काट दिसत होती. 'लिवली' की 'टाकली', तो शब्द दिसत नव्हता.

त्या वाट बघत होत्या.